काच फुटली तरच केस पेपर

सदाशिव पेठेत एखादी गोष्ट आजार ठरायची, तर आधी तिचा शेजाऱ्यांना त्रास व्हावा लागतो. मुलगा चार-चार पायऱ्या गाळत जिना उतरला, दुपारी एक ते चारच्या पवित्र वेळात पार्किंगमध्ये बॉल आपटला, वर्गात पुढच्याच्या शर्टावर कर्कटकाने नक्षी काढली, की शाळेतून बोलावणं आलंच. वरच्या काकांची काच फुटली, तर त्याच महिन्यात टिळक रोडच्या आसपास कुठेतरी त्याची फाइल तयार. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा. आजी म्हणते, ‘आमच्या वेळी दोन फटक्यांत बरं व्हायचं.’ पण कारण सापडलं म्हणून मनातून तीही सुटलेली असते.

त्याच घरातली मुलगी खिडकीशी भूगोल उघडून बसलेली असते. पान ३४. तासाभराने पाहा, पान ३४. डबा शाळेत राहतो, छत्री रिक्षात राहते, दूध तिच्या डोळ्यांदेखत उतू जातं. पण काच फुटत नाही. मग तिला केस पेपर मिळत नाही, विशेषणं मिळतात. वेंधळी. धांदरट. आणि वर, ‘सासरी कसं व्हायचं हिचं?’

वैद्यकशास्त्राने तरी वेगळं काय केलं? १९०२ साली जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली, त्यांत बहुतेक मुलगेच. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९६८च्या पोथीत या आजाराच्या नावात फक्त अतिहालचाल होती. मूल जागचं न हलताही त्याचं लक्ष गावभर फिरून येऊ शकतं, हे त्याच पोथीच्या पुढच्या आवृत्तीने मान्य केलं १९८० साली. आजच्या यादीत लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं आहेत आणि चुळबुळ-उतावळेपणाची नऊ. लहान मुलांत कुठल्याही एका गटातली सहा पुरतात. मुली बऱ्याचदा पहिल्या गटात बसतात आणि मोठी माणसं दुसऱ्या गटावर डोळा ठेवून असतात. शिवाय लक्षणं सात वर्षांच्या आत दिसली पाहिजेत, अशी अट होती. ती १२ वर्षांवर नेली २०१३मध्ये. हुशार मुलगी तिसरी-चौथीपर्यंत सहज निभावून नेते. गाडं अडतं ते पुढे, विषय वाढले, वह्या वाढल्या की.

दवाखान्यांतली मोजणी पाहिली, तर मुलगे मुलींच्या कितीतरी पट. दवाखान्याबाहेर, सगळ्याच मुलांत शोधलं, तर एका मुलीमागे साधारण दोन मुलगे. मोठ्या माणसांत हे अंतर आणखी कमी होतं. बायका मोठेपणी अचानक आजारी पडल्या, असं म्हणायचं की काय? २००४ साली अमेरिकेत प्राथमिक शिक्षकांना मुलांची वर्णनं वाचायला दिली. वर्णन तेच, फक्त कुठे मुलगा म्हटलेलं, कुठे मुलगी. तपासणीला पाठवा, अशी शिफारस मुलग्यांच्या वाट्याला जास्त आली. आपल्या गुरुजनांनी हुरळून जायचं कारण नाही. इथे कुणी असा प्रयोग केला, तर निकाल मी आजच लिहून पाकिटात घालून ठेवतो.

म्हणजे सगळे मुलगे वांड आणि सगळ्या मुली तंद्रीत, असंही नाही. खिडकीबाहेर बघत बसणारा मुलगाही असाच निसटतो. मुलीतही अतिचंचलपणा असतो, पण तो पायांऐवजी पुष्कळदा जिभेतून बाहेर पडतो, आणि चुरूचुरू बोलणाऱ्या पोरीचं पाहुण्यांसमोर कौतुकच होतं. हूडपणाला मात्र आपल्याकडे थेट साहित्यात मानाचं पान. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्यातल्याच विद्याभवनचा, आणि वर्तमानपत्रातला चिंटू १९९१मध्ये आपल्या सकाळच्या चहाबरोबर यायला लागला. जागेवर न बसणारा मुलगा नायक होतो. डबा विसरणाऱ्या मुलीची मालिका कुणी काढलेली नाही.

या पेठेत तर हुशारी हाच मोठा पडदा. ज्ञान प्रबोधिनी, १९६२ साली आप्पा पेंडशांनी सुरू केलेली, इथलीच. बुद्ध्यांक हा शब्द इथे श्रीखंडाइतका घरगुती. पण बुद्धी आणि लक्ष ही दोन वेगळी खाती आहेत, हे सांगायला गेलात तर गुणपत्रिका तुमच्या नाकासमोर धरली जाते. नव्वद टक्के आहेत हो तिला, कसला आलाय आजार! ते नव्वद टक्के रात्री दोनपर्यंत जागून, दप्तर तीनदा तपासून, ऐनवेळी रडून आणलेले असतात, ते गुणपत्रिकेत छापत नाहीत.

सगळं सुरळीत असल्याचं हे सोंग वठवायची किंमत लहान नसते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात स्टीफन हिनशॉ यांनी एडीएचडी असलेल्या १४० मुलींचा बालपणापासून मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण त्यांच्यात इतर मुलींपेक्षा बरंच जास्त निघालं. काच फुटत होती. आतल्या बाजूला फुटत होती, एवढंच.

हा आजार घराण्यात उतरतो, जवळजवळ उंचीसारखा. म्हणून खरी गंमत मुलाच्या फाइलपाशीच घडते. पालकांना प्रश्नावली भरायला देतात. आई चिरंजीवांसाठी खुणा करत जाते: वस्तू हरवतो का, सांगितलेलं अर्ध्यात सोडतो का, समोर बोललेलं ऐकूच येत नाही असं वाटतं का. पाचव्या-सहाव्या प्रश्नाला पेन थबकतं. चाळिशीची बाई, चिंतेवरच्या गोळ्या कित्येक वर्षं चालू, आणि कागद तर तिच्याविषयीच बोलतोय.

डॉक्टर विचारतात, ‘घरात आणखी कुणाला असं होतं का?’

‘मला!’ बाबा छाती फुगवून सांगतात. ‘लहानपणी काय वांड होतो मी! विचारा हिला.’

हिला विचारता येत नाही. ही स्कूटरची किल्ली शोधायला खाली गेलेली असते. किल्ली स्कूटरलाच असते.