थांबा, चेकिंग चालू हाय!

गोल पडला की सगळी खोली उभी राहते आणि आण्णा तेवढे खुर्चीत बसून राहतात. उजवा हात वर, पंजा उघडा, नजर पडद्यावर. "नाचू नगासा. चेकिंग चालू हाय." अर्ध्या उडीत अडकलेली पोरं मुकाट्यानं खाली बसतात. मंडळाच्या खोलीतल्या टीव्हीसाठी वर्गणी सगळ्यांनी दिली होती. गोल मंजूर करायचा अधिकार एकट्या आण्णांकडे कधी गेला, ते मात्र कुणाला सांगता येत नाही.

कोल्हापुरात हा नमुना पेठेगणिक एक सापडतो. इथं तालमीच्या नावानं फुटबॉलच्या टीम चालतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की अर्ध्या गावाची दुपारची झोप उडते, आणि वर्ल्ड कप आला की मेस्सी, नेमार आमच्या चौकात नगरसेवकांपेक्षा मोठे होऊन उभे राहतात. अशा गावात रेफ्रीला अक्कल शिकवणारा माणूस निपजला नसता तरच नवल. आमचे आण्णा साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झाले. कोण किती मिनिटं उशिरा आला याची नोंद जन्मभर ठेवली, ती सवय आता इंज्युरी टाइमला लावली आहे. एकेकाळी तालमीकडून लेफ्ट बॅक खेळायचे. पुढं गुडघा गेला, बूट माळ्यावर गेले, रेफ्रीशी हुज्जत घालायची हौस तेवढी शाबूत राहिली.

त्यांच्या मोबाइलमध्ये नातवंडांपेक्षा ऑफसाइडच्या रेषांचे फोटो जास्त. मध्यंतरी पुतणीच्या लग्नाच्या बोलणीत मुलीचा फोटो दाखवायला म्हणून त्यांनी फोन पुढं केला आणि पाहुण्यांनी पाळीपाळीनं लुइस दियाझ बघितला. आण्णांनी तेवढ्यात ते प्रकरणही समजावून सांगितलं. तारीख 30 सप्टेंबर 2023, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या दियाझनं गोल मारला, लाइन्समननं ऑफसाइडचं निशाण वर केलं. व्हिडिओ बघणाऱ्या पंचानं, म्हणजे व्हारनं, तपासलं, दियाझ चक्क ऑनसाइड. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे अशी त्याची समजूत! तपासणी पूर्ण, असं त्यानं कळवून टाकलं. खाली मैदानात त्याचा अर्थ झाला, ऑफसाइड बरोबर. काही सेकंदांत व्हिडिओच्या खोलीतल्यांच्या लक्षात आलं, तोवर खेळ सुरू झाला होता, आणि एकदा खेळ सुरू झाला की नियमानं मागं जाता येत नाही. लिव्हरपूल 2-1 नं हरलं, तेही शेवटच्या क्षणी स्वतःच्याच गोलात बॉल घालून. पंचांच्या संस्थेनं मोठी मानवी चूक झाल्याचं त्याच दिवशी कबूल केलं. "म्हंजे बघा पाव्हणं," आण्णा म्हणाले, "मशिननं बरोबर सांगिटलं, माणसानंबी बरोबर बघिटलं, आनि निकाल चुकला." पाहुण्यांना पटलं. लग्न जमलं हे विशेष.

आण्णांना ऐकायचं तर चहाच्या गाड्यावर. तिथं त्यांचा ऑफसाइडचा वर्ग भरतो. कटिंगचे चार ग्लास म्हणजे बचावफळी, साखरेची बरणी म्हणजे गोलकीपर, बिडीबंडल म्हणजे स्ट्रायकर आणि खारीचा तुकडा म्हणजे बॉल. गाडेवाल्याचे ग्लास अडकून पडतात, गिऱ्हाइकं तिष्ठत उभी राहतात, तरी तो बोलत नाही, कारण त्याच्याच हाताखालच्या पोराला खांद्याचं प्रात्यक्षिक करायला उभं केलेलं असतं. हात आडवा धरून पोरगं उभं, आणि आण्णा त्याच्या बाहीवर बोट ठेवून सांगताहेत : काखेच्या खालच्या टोकाला जिथं रेघ येते तिथवर खांदा, त्याच्या पलीकडं हात. खांद्यानं गोल मारता येतो म्हणून खांदा ऑफसाइडला धरतात. हातानं मारता येत नाही म्हणून हात धरत नाहीत. एवढं नीट कुठल्याही समालोचकानं सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. आण्णांना नियम येत नाहीत असं त्यांचा वैरीही म्हणणार नाही.

वैरी म्हणजे बापू. बापू ब्राझीलचे, आण्णा अर्जेंटिनाचे. पेठेत हे जन्मदाखल्यावर असल्यासारखं ठरलेलं असतं. बापू फार बोलत नाहीत, एकच बारीक खडा टाकतात. व्हिडिओ पंचानं फक्त ढळढळीत चूक असेल तरच मधे पडायचं आणि तेही मोजक्याच बाबतींत, गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड, नाहीतर कार्ड भलत्यालाच दाखवलं असेल तर, हे आण्णांनी तासभर समजावल्यावर बापू विचारतात, "ढळढळीत हाय तर दिसाय चार मिनटं का लागत्यात?" त्यावर आण्णा चहा मागवतात.

बाकी आण्णांचा न्याय समजून घ्यायचा तर 22 नोव्हेंबर 2022 ची दुपार बघायला हवी होती. कतारचा वर्ल्ड कप, अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया. स्टेडियमच्या छपराखाली बारा कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपणारे, शिवाय बॉलच्या पोटात सेन्सर. दहाव्या मिनिटाला रेफ्रीनं टीव्ही बघून अर्जेंटिनाला पेनल्टी दिली, मेस्सीनं गोल मारला. आण्णा गहिवरले. "विज्ञानाम्होरं कुणाचं काय चालतंय? सत्य ते सत्यच!" त्यानंतर हाफ टाइमच्या आत अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले, त्यातला लाउतारो मार्टिनेझचा एक खुद्द मशिननं रद्द केला. पंधरावीस मिनिटांपूर्वीचं विज्ञान विकलं गेलेलं होतं. पडद्यावर ऑफसाइडच्या रेषेची ती रंगीत भिंत आणि पुढं आलेला खांदा स्पष्ट दिसत असताना आण्णा म्हणाले, "अरं ती बाही हाय त्याची! इस्त्री केल्याली हाय म्हणून म्होरं आलीया." अर्जेंटिना 2-1 नं हरली. बापूंनी शिरा वाटला. पुढं त्याच स्पर्धेत अर्जेंटिना जग जिंकली, तेव्हा कॅमेरे पुन्हा प्रामाणिक झाले होते.

1986 च्या वर्ल्ड कपचा विषय निघाला की आण्णांची भाषा वकिली होते. 22 जून, मेक्सिको सिटीतलं अझ्टेका स्टेडियम, मॅराडोनानं इंग्लंडचा गोलकीपर पीटर शिल्टनच्या डोक्यावरून बॉल ढकलला तो हातानं, हे मॅराडोना सोडा, हवेतल्या पाखरानंही पाहिलं. ट्युनिशियाचे रेफ्री अली बिन नासर यांनी बल्गेरियन लाइन्समनकडं बघितलं, लाइन्समननं रेफ्रीकडं, आणि गोल लागला. "त्या टायमाला व्हार हुता काय? न्हवता. मग रेफ्रीचा शब्द शेवटचा. नियमानं गोल." आणि 2009 साली पॅरिसला थिएरी ऑन्रीनं हातानं बॉल ओढून आयर्लंडला वर्ल्ड कपबाहेर काढलं, ते? तेव्हाही व्हार नव्हताच. "त्यो दरोडा!" ऑन्री अर्जेंटिनाचा असता तर तोही कलाकार ठरला असता, यात शंका नाही. माझा अंदाज असा की आण्णांना न्याय नकोच आहे. 1986 पासून ते फक्त एका निकालाचं समर्थन करताहेत आणि बाकीचे सगळे निकाल त्याची भरपाई म्हणून झोडपताहेत.

व्हार बंद पडावा असं त्यांना वाटतं का? जाहीरपणे, हो. 2024 साली नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला प्रेक्षकांनी निषेध म्हणून मैदानात माशाचे वडे फेकले आणि मॅच सोडून द्यावी लागली, ती बातमी त्यांनी पेठेत दोनदा वाचून दाखवली. बापू म्हणाले, आपल्याकडं वडं फेकलं तर लोक झेलून खातील आणि चटणी मागतील. पण त्याच साली इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये व्हार काढून टाकायचा ठराव वुल्व्ज क्लबनं मांडला आणि 19 विरुद्ध एक मतानं तो पडला, तेव्हा आण्णांच्या चेहऱ्यावर मला तरी सुटकाच दिसली. व्हार गेला असता तर मॅच दहा वाजता सुरू होऊन बारा वाजता खरंच संपली असती. मग माणसानं करायचं काय?

एकदाच त्यांची गोची झालेली मी पाहिली. 11 जून 2024, भारत विरुद्ध कतार, दोहात. छांगटेच्या गोलानं आपण पुढं होतो. वर्ल्ड कप पात्रतेची तिसरी फेरी भारतानं कधी पाहिली नव्हती, ती हाताशी आलेली. 73 व्या मिनिटाला आपला गोलकीपर गुरप्रीतनं बॉल अडवला, बॉल त्याच्या अंगाखालून गोलपोस्टाशेजारची रेघ ओलांडून बाहेर गेला, सगळे थांबले, आणि कतारच्या खेळाडूनं तो पायानं ओढून आत आणला. दुसऱ्यानं जाळ्यात मारला. गोल! आण्णांनी सवयीनं पंजा वर केला. "चेकिंग हुईल. थांबा." पंजा वरच राहिला. त्या फेरीत व्हार नव्हताच. दीड वर्षापूर्वी ज्या कतारात बारा कॅमेरे बाहीची इस्त्री मोजत होते, त्याच कतारात वीतभर बाहेर गेलेला बॉल बघायला एक कॅमेरा मिळेना. भारत 2-1 नं हरला. दुसऱ्या दिवशी आण्णांनी गाड्यावर खडूनं रेघ मारली, लिंबू ठेवलं, पूर्ण बॉलनं पूर्ण रेघ ओलांडली पाहिजे, हा नियम प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवला आणि दरवेळी लिंबू स्वतःच बाहेर ढकललं. त्या दिवशी बापूंनीही खडा टाकला नाही, उलट लिंबाला हात लावणाऱ्या एकाला दटावलं.

यंदा उन्हाळ्यात गांधी मैदानावर चिल्ल्यापिल्ल्यांच्या मॅचेस होत्या. रेफ्री आला नाही म्हणून पोरांनी आण्णांच्याच गळ्यात शिट्टी घातली. पहिल्या दहा मिनिटांत गोलसमोर गर्दी झाली, बॉल कुणाच्या तरी कोपराला लागून आत गेला. एक बाजू नाचायला लागली, दुसरी रडायला. आण्णांनी व्हारवाल्या रेफ्रीसारखा हवेत चौकोन काढला. कुणाची तरी आई मोबाइलवर शूटिंग करत होती, तिच्याकडून फोन घेतला, चष्मा पुसला, उन्हाला पाठ केली. पुढं. मागं. पुन्हा पुढं. मधेच त्या माउलीच्या बहिणीचा फोन आला, तो त्यांनी कापला. पोरं काही वेळ उभी राहिली, मग पाणी प्यायली, मग पुन्हा बॉल घेऊन खेळायला लागली.

"काका," गोलकीपरनं येऊन त्यांची विजार ओढली, "तुमचं बघून हुईस्तवर त्यांनी आनि एक मारला."

आण्णांनी मान वर केली नाही. "त्येचं शूटिंग हाय काय कुणाकडं?"