ताक, चुना आणि १९५४

कढीपत्त्याला आंबट ताक घाला. पाण्यात पातळ करून, बुंध्यापासून वीतभर लांब, दोन-तीन आठवड्यांतून एकदा. हा सल्ला मी आमच्या सोसायटीत सर्वांना दिलेला आहे; ज्यांच्याकडे कढीपत्ता नाही त्यांना तर आग्रहाने. पार्सल घेऊन आलेल्या एका पोरालाही दिला. तो ‘हो काका’ म्हणाला आणि ओटीपी मागू लागला. माझ्या लेखी त्या क्षणी तो शिष्य झाला.

ताक का घालायचं, हेही मी सांगतो. कुणी विचारायची वाट बघत नाही. बोअरच्या जड पाण्याने कुंडीतली माती हळूहळू अल्कधर्मी होत जाते. मग मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ताकातल्या आम्लाने लोह पुन्हा मुळांच्या हाती लागतं. इथपर्यंत आलो की मी थांबतो आणि ऐकणाऱ्याचा चेहरा बघतो. त्या चेहऱ्यावर जो आदर उमटतो, निदान मला दिसतो, त्याच्यापायी निवृत्तीनंतरही मी सिल्वासात राहिलो. साताऱ्याला भावाच्या घरी हे सुख नाही. तिथे प्रत्येकाच्या परसात कढीपत्ता आहे आणि प्रत्येकालाच मत आहे.

ब्रह्मज्ञान सांगून स्वतः कोरडा राहणाऱ्या पाषाणाची जी म्हण आहे, ती नक्की देशावर जन्मलेली. इथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाषाणही कोरडा राहत नाही, शेवाळतो. मीठ सुटतं, पापड मऊ पडतात, आणि कपाटात टांगलेल्या चामडी पट्ट्याला गोकुळाष्टमीपर्यंत हिरवी लव फुटते. पूर्वी आम्ही कपाटात चाळीस वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवायचो. त्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत वाया जायची, आणि ती वाया जाणारी वीजच आमचे कपडे राखायची. मग एलईडी आले. वीज वाचली, कपाटातला उन्हाळा संपला. या नुकसानीबद्दल देशात कुणी बोलत नाही. मी बोलतो. हल्ली मी मडक्यात कळीचा चुना घालून कपाटाच्या तळाशी ठेवायला सांगतो. मडकं अर्धंच भरायचं, कारण चुना ओल पिऊन फुगतो. आणि पोरांचा हात पोचेल तिथे मुळीच ठेवायचं नाही.

ओल्या कपड्यांचा विषय निघाला की मला १९५४ आठवतं. माझा जन्म त्यानंतरचा, पण त्याने काही अडत नाही.

दादरा-नगर हवेलीची ती मोहीम ऐन पावसाळ्यातली. २२ जुलैला दादरा, २८ जुलैला नरोली, २ ऑगस्टला सिल्वासा. घरातल्या वाढदिवसांचा मला घोळ होतो, या तारखांचा होत नाही. आझाद गोमंतक दलाची मंडळी, संघाचे स्वयंसेवक, आणि पुण्या-मुंबईकडून आलेले राजा वाकणकर, विनायकराव आपटे, नाना काजरेकर, बाबासाहेब पुरंदरे आणि चक्क सुधीर फडके. बाबूजी! मोहिमेला पैसा उभा राहावा म्हणून लता मंगेशकर पुण्यात हिराबागेत गायल्या. आणि पुढच्याच रामनवमीला, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. म्हणजे त्याच्या आठ महिने आधी हा माणूस आमच्या मुलखात चिखल तुडवत होता. तारखा, तुकड्या, शस्त्रं, सगळं लिहून झालंय. कपड्यांत मात्र इतिहासकारांना रस नसतो. जुलैत इथे दोरीवर टाकलेली विजार चौथ्या दिवशीही ओलीच असते, आणि पाचव्या दिवशी तिला वास येतो. मग यांनी केलं काय? चुलीवर शेकले? अंगावरच वाळवले? आणि बाबूजींचा गळा? त्या गळ्याला गवती चहा कुणी करून दिला? आमच्या दारात गवती चहाचं बेट आहे. त्यातली पात कापताना दर वेळी मला वाटतं की मी तेव्हा इथे असायला हवा होतो. लढायला नव्हे, ते लोक पुरेसे होते. सांगायला.

पुढचंही ऐका, आता आलोच आहोत तर. पोर्तुगीजांचा कॅप्टन फिदाल्गो खानवेलच्या बाजूला मागे सरकला आणि ११ ऑगस्टला शरण आला. मग सात वर्षं हा मुलूख भारतात नव्हता आणि पोर्तुगालचाही राहिला नव्हता. इथली वरिष्ठ पंचायत कारभार बघत होती. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला, त्याचा निकाल १९६० साली लागला. शेवटी १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करायला राष्ट्रप्रमुख हवा, म्हणून के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं. विलीनीकरण झालं तेही नेमकं ११ ऑगस्टलाच. एका दिवसात सही करून मोकळा झालेला पंतप्रधान! आमच्या सोसायटीचा चेअरमन मुदत संपली तरी शिक्का सोडत नाही.

हे सगळं मी गच्चीवर सांगतो. कपडे वाळत घालायला आलेल्या बायका मला पाहून दुसऱ्या टोकाची दोरी धरतात, ती गोष्ट वेगळी.

आमच्या हिला मात्र या कथेत एकच प्रश्न पडतो. ‘अहो, पण हा मुलूख पोर्तुगीजांना मुळात दिला कोणी?’

पेशव्यांनी. पोर्तुगीजांच्या ‘सांताना’ नावाच्या जहाजाचं मराठी आरमाराने नुकसान केलं, त्याच्या भरपाईपोटी १७८३ साली नगर हवेलीचा महसूल त्यांना लावून दिला. दादरा त्यांनी १७८५ मध्ये विकत घेतलं. एका जहाजापायी १७१ वर्षं! डाग काढायला गेलो आणि धोतर गेलं, अशातला प्रकार.

डागावरून आठवलं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून सिंक चकाचक करण्याचा व्हिडिओ तुम्हालाही आला असेल. फसफसून फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, काम चाललंय. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून मोकळे होतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं मचूळ पाणी. तेलकट चिकट्याला नुसता सोडा लावा. नळावरच्या पांढऱ्या क्षारांना नुसतं व्हिनेगर किंवा लिंबू. वेगवेगळे बोलावले तर दोघेही कामाचे आहेत. हे सगळं मी सोसायटीच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं. त्यावर एकच अंगठा आला, तो भाच्याचा. खाली लगेच कुणीतरी गुलाबाच्या फुलासह सुप्रभात घातलं.

आमची ही ‘रुचिरा’च्या पिढीतली. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली वाटी-चमच्याची मापं देऊन ठेवल्यामुळे या पिढीला ‘अंदाजाने घाला’ चालत नाही. ती विचारते, ताक किती वाट्या? पाणी किती? कुठल्या वाटीने? मी म्हणतो, अगं, थोडंसं. इथेच आमचं फाटतं. श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो ज्याने करून पाहिलं त्याने दुसऱ्याला दाखवावं, या पायावर. शेतकऱ्यांनी द्राक्षं पिकवली त्यातून. आमच्या घरच्या प्रयोग परिवारात मी सांगण्याच्या खात्यात आहे. अंड्याची टरफलं धुवा, वाळवा, कुटा आणि कुंडीत घाला, हे मी सांगतो. धुणं, वाळवणं आणि कुटणं तिच्याकडे. चहाचा चोथा साखर निघेपर्यंत धुवून घाला, नाहीतर मुंग्या येतात, हेही मी सांगतो. मुंग्या आल्या तर त्या तिच्या.

परवा टरफलं कुटता कुटता ती म्हणाली, ‘अहो, टरफलं म्हणजे चुनाच ना? म्हणजे मातीतलं आम्ल मारणार. मग त्याच कुंडीत तुम्ही ताक कशाला ओतायला सांगता?’

मी नरोलीच्या चढाईची गोष्ट काढली.

झाडांचं, डागांचं, कपाटाचं काहीही विचारा, माझ्याकडे उत्तर आहे. आरोग्यपूर्ण जगण्याच्या सल्ल्यांच्या वाटेला मात्र मी जात नाही, आणि दुसरा कुणी देऊ लागला तर उठून जातो. रोज दहा हजार पावलं चाला म्हणे. हा आकडा १९६५ साली एका जपानी कंपनीने विकायला काढलेल्या पाऊलमापकाच्या नावातून जगभर पसरला. कुठल्या डॉक्टरने तो आधी मोजून काढला नव्हता. चालणं चांगलंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्याकडे फरशी पुसायला येणाऱ्या मावशी रखोलीच्या पुढून येतात. शेअर रिक्षा मिळेपर्यंत पायी, उतरल्यावर पायी, मग चार घरं आणि चार जिने. संध्याकाळी गुडघा धरून पायरीवर बसतात. त्यांना पावलांचं महत्त्व कोण सांगणार?

आणि झोप. रात्री दहाला निजा, पहाटे पाचला उठा, निजण्याआधी तासभर मोबाइल लांब ठेवा. अहो, आमच्या गावात रात्री दहाला अर्धं गाव डबा घेऊन बाहेर पडतं. धाग्याची मशिन थांबत नाहीत. दिवाळीत नाही, पुरात नाही. मी स्टोअरला होतो. वर्षानुवर्षं रात्रपाळ्या काढल्या. दिवसा झोप म्हणजे काय असते, ते ज्याने काढली त्यालाच ठाऊक. डोळा लागतो न लागतो तोच भंगारवाला येतो, समोरच्यांचा कुकर होतो, पोरं शाळेतून येतात. मला उपाय सांगितला तो मशिनवरच्या गोरखपूरकडच्या एका पोराने. ‘काका, खिडकीला आतून पेपर चिकटवा. मैद्याची खळ करा, दोन थर द्या, सांदीसुद्धा सोडू नका.’ त्या पेपराने मला पुढची नोकरी करू दिली. जुन्या बातम्यांच्या अंधारात मी झोपलो.

तो स्वतः ज्या खोलीत राहायचा तिथे खाटा चार आणि माणसं आठ. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच अंथरुणात शिरायचा. गादी कधी गार होत नसे. तशा खोल्या आजही आहेत, माणसं तेवढी बदललीत. त्यांना उशीवर लव्हेंडरच्या तेलाचे दोन थेंब टाकायला सांगायचं? कुणाच्या उशीवर? पहिल्याच्या की दुसऱ्याच्या? खरं सांगतो, इथे मला हसू येत नाही. निरोगी जगण्याचा धडा देणाऱ्याने आधी समोरच्याला एवढं तरी विचारावं की बाबा, तुझी शिफ्ट कुठली.

असो. रक्तदाब वाढतो, आणि त्यावरही लोक लसूण सुचवतात.

घरात झाडं ठेवली की हवा शुद्ध होते, हाही असाच एक समज. नासाने १९८९ मध्ये अभ्यास केला तो हवाबंद पेट्यांत. आमच्या घराला दारं-खिडक्या आहेत आणि बाहेर ट्रकांची रांग आहे. २०१९ साली अशा सगळ्या प्रयोगांचा हिशेब मांडणाऱ्यांनी सांगितलं की खिडकी-दारातून जेवढी हवा खेळते तेवढी साफ करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. माझं घर साठ चौरस मीटर. काटकसर केली तरी सहाशे कुंड्या. हिला आकडा सांगितला, तर म्हणाली, ‘चालेल, आपण गच्चीत राहू. तिथे तुम्हाला १९५४ पण सांगता येईल.’

तरी झाडं ठेवाच. डोळ्याला बरं वाटतं, आणि सल्ला द्यायला विषय राहतो. फक्त कुंडीखालच्या बशीकडे लक्ष असू द्या. डेंग्यूचा एडिस डास गटारात जात नाही, त्याला साठलेलं स्वच्छ पाणी आवडतं. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळं कोरडं करायचं. नुसतं ओतून भागत नाही; अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात, म्हणून बशी काथ्याने घासावी लागते. मी दर रविवारी सोसायटीत फेरी मारून लोकांच्या बशा उलट्या करतो. माझी चाहूल लागली की कुंड्या आत जातात. मला वाईट वाटत नाही. उलट, एवढी दहशत चेअरमनचीही नाही.

आता लेख वाचून झालाच आहे, तर उठा. बशी उलटी करा, मनी प्लांटच्या बाटलीतलं पाणी बदला आणि फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे बाहेर ओढून बघा. तो तुम्ही जन्मात पाहिलेला नाही, पैजेवर सांगतो. आणि घासायला दुसऱ्या कुणाला हाक मारू नका.