फेरफाराची वर्दी
घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीसारख्या गावी जमिनीच्या हक्कांत काही बदल झाला, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० अन्वये तलाठ्याने तो गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, लिहावा, त्याची प्रत चावडीवर लावावी, हितसंबंधीयांस नोटीस द्यावी आणि हरकतींचा निकाल लागल्यावरच वरिष्ठाने नोंद प्रमाणित करावी, असा दस्तूर आहे. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या विद्वानांकडेही लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली निर्माण केलेल्या 'गिट' ह्या प्रणालीत प्रत्येक बदलाचा कर्ता, काळ आणि शेरा यांची नोंद राहते. परंतु नोंद राहणे निराळे आणि ती कोणी वाचणे निराळे, म्हणून हल्ली 'हुक' नामक एका यांत्रिक हरकाऱ्याची नेमणूक होते, जो कोड दाखल होताच साऱ्या सहकाऱ्यांस वर्दी पोचवितो. यंत्र निष्कलंक आहे. वर्दीतला मजकूर मात्र "दुरुस्ती", "किरकोळ बदल", "पुन्हा दुरुस्ती" आणि, कर्त्याचा आत्मविश्वास अनावर झाल्यास, "आता नक्की शेवटचे" एवढाच असतो. तलाठ्याने खरेदीखतापुढे "जमीन, थोडी बदलली" असे लिहिले असते, तर दोन पिढ्या दिवाणी न्यायालयात खपल्या असत्या. ह्या हरकाऱ्याच्या राज्यात मात्र हरकतीची मुदतच नाही: बदल आधी अमलात येतो, सूचना मागाहून येते, आणि लवकरच सारे सहकारी त्या सूचनांचा आवाज बंद करून मोकळे होतात, ह्या एका फेरफाराची वर्दी मात्र हरकारा कोणास देत नाही.