गुडघाभर टाहो

टाहो सरोवराचा काठ सुमारे ११६ किलोमीटर लांब आहे. एवढ्या काठावर एक सतरंजी अंथरायला जागा शोधायची, यात कठीण ते काय, असं ज्याला वाटतं त्याने आमचं कुटुंब घेऊन तिथे जाऊन दाखवावं. हे पाणी कॅलिफोर्निया आणि नेवाडा अशा दोनच राज्यांत वाटलेलं आहे. आमच्यात माणसं पाच आणि पक्षही पाच.

मुक्काम ट्रकी गावात होता. पोहायला कुठे जायचं याची बैठक आदल्या रात्री जेवणानंतर बसली. जावई खाडीकाठच्या आयटीवाल्यांपैकी असल्यामुळे त्याने तक्ता तयार ठेवला होता. रकाने असे: पार्किंग, स्वच्छतागृह, सावली, वाळू, जवळपास खायला काय. पाण्याचा रकाना शेवटी, तोही लेकीने सुचवल्यावर.

त्याचं मत सँड हार्बरला. नेवाडाच्या बाजूला, पाण्यात ग्रॅनाइटचे गुळगुळीत धोंडे आणि तळाचा खडा न् खडा दिसेल असं पाणी. कॅलेंडरवर असतं ते टाहो म्हणजे बहुधा हेच. पण उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथलं वाहनतळ सकाळीच भरतं.

"मग सहाला निघू," जावई म्हणाला.

"सहाला निघायचं तर पोळ्या मी कधी लाटायच्या?" सौभाग्यवतींनी विचारलं आणि सँड हार्बर तिथेच बुडालं.

नातीला एमराल्ड बे हवा होता, कारण तिथे किल्ला आहे. किल्ला म्हणजे १९२९ साली बांधलेलं स्कँडिनेव्हियन धाटणीचं घर, व्हायकिंग्सहोम. गाडी वर ठेवून मैलभर उतरावं लागतं. उतरायचं मी कबूल केलं. भिजलेले टॉवेल, शीतपेटी आणि झोपलेली नात घेऊन तो मैल परत कोण चढणार, या प्रश्नावर सगळे आपापल्या मोबाइलमध्ये पाहू लागले.

एवढ्यात सौभाग्यवतींना नकाशावर सीक्रेट कोव्ह सापडलं. "हे बघा, नावातच आलं. गर्दी नसणार."

जावयाचे कान लाल झाले. "आई, तिथे... म्हणजे, कपड्यांची सक्ती नसते."

"बरंच झालं. मग माझा पंजाबी ड्रेस चालेल."

लेक तिला घेऊन स्वयंपाकघरात गेली. दोघी बाहेर आल्या त्यानंतर त्या जागेचा विषय आमच्या घरात निघालेला नाही.

लेकीचं म्हणणं, एवढं लांब जायचंच कशाला? गावाला लागूनच डोनर सरोवर आहे, तिथेही पोहतात. मी सहज त्या नावाचा इतिहास सांगितला. १८४६च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाकडे निघालेला स्थलांतरितांचा तांडा इथे बर्फात अडकला, अन्न संपलं आणि मागे राहिलेल्यांपैकी काहींनी मेलेल्यांचं मांस खाऊन दिवस काढले. जेवणानंतर सांगायची गोष्ट नव्हे ही, असं लेक म्हणाली. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांसाठी आणखी कणीक भिजवली.

मी शास्त्राची बाजू मांडली. इथे दुपारी बहुधा नैर्ऋत्येचा वारा सुटतो. तो वरचं उन्हाने तापलेलं पाणी पलीकडे लोटतो आणि पश्चिम काठाला खालचं गार पाणी वर येतं. तेव्हा ज्याला कुडकुडायचं नाही त्याने उत्तर किंवा पूर्व काठ गाठावा, आणि सकाळी गाठावा. भर उन्हाळ्यातही वरचं पाणी वीस अंश सेल्सिअसच्या आसपासच असतं. कुणी ऐकलं नाही, पण तक्त्याने शेवटी जो निकाल दिला तो उत्तर काठावरच्या किंग्ज बीचचा निघाला, त्यामुळे श्रेय मी घेतलं. वाळू आहे, स्वच्छतागृह आहे, रस्त्यापलीकडे पिझ्झा मिळतो आणि पाणी उथळ आहे. उथळपणाला पाचही मतं पडली.

आता हे सरोवर काय आहे ते बघा. पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून १,८९७ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही अडीचशे मीटर उंच. खोली ५०१ मीटर, अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकाची. एवढं खोल असूनही त्याचा तळ सिंहगडाच्या माथ्याहून वरच राहतो. टिळक तलावावर पोहायला शिकलेल्या माणसाच्या अंगावर हे आकडे वाचूनच काटा येतो. तिथे आम्ही सूर मारायचो. इथेही मारायचा, असं मी ठरवून आलो होतो.

पाण्यात शिरलो. घोटे बधिर झाले. चालत राहिलो. पोटऱ्या बधिर झाल्या. आणखी चाललो, सतरंजीवरची माणसं लहान दिसू लागली, पण पाणी काही गुडघ्याच्या वर येईना. माझ्याही पुढे एक गृहस्थ उभ्यानेच वाचत होते. सूर मारण्यासारखं खोल काही असेल, तर ते त्यांच्या हातातलं पुस्तक.

"बाबा, फार आत जाऊ नका!" काठावरून लेक ओरडली. लाइफ जॅकेट हातात धरून जावई धावत निघालाच होता.

नात माझ्या शेजारी गळ्यापर्यंत पाण्यात होती.

"तुला बरं एवढं पाणी लागलं?" मी विचारलं.

"आजोबा, मी बसलेय," ती म्हणाली. "तुम्हीपण बसा ना."

बसलो. तेव्हा जो आवाज माझ्या तोंडून निघाला त्याने वाचणाऱ्या गृहस्थांनी पुस्तक मिटलं आणि काठावरून सौभाग्यवतींनी विचारलं, "अहो, चहा आत्ताच ओतू का?"