नानांची इटली

देवगाव रंगारीत नानांच्या कृषी सेवा केंद्रावर युरिया आलाय का हे विचारायला जाणाऱ्यानं आधी लँब्रेटाची चौकशी करावी, असा रिवाज आहे. नवख्या गिऱ्हाइकाला तो ठाऊक नसतो. तो थेट युरियावर येतो, आणि नाना चष्म्यावरून बघत "संपला" म्हणतात. माहीतगार माणूस ओट्यावर टेकतो, कोपऱ्यातल्या पोपटी-पांढऱ्या स्कूटरकडं बघतो आणि विचारतो, "काय नाना, आज घेतला का स्टार्ट?" मग चहा येतो, मागच्या गोदामातून युरियाही येतो, आणि दोन्हींच्या मधल्या पाऊण तासात इटली येते.

नाना स्वतः तिरुपतीच्या पलीकडं गेलेले नाहीत. पण "आमच्या मिलानला" असं ते ज्या सहजतेनं म्हणतात, त्या सहजतेनं आम्ही "आमच्या लासूरला" म्हणत नाही. इन्नोसेंटी नावाचा पोलादी नळ्या करणारा कारखानदार, युद्धात बाँब पडून उद्ध्वस्त झालेला त्याचा कारखाना, मिलानचं लँब्राते हे उपनगर, १९४७ साली तिथून बाहेर पडलेली पहिली लँब्रेटा, हे सगळं नाना एखाद्या घराण्याची हकिगत सांगावी तसं सांगतात. व्हेस्पा त्याच्या एक वर्ष आधी आली होती, ही गोष्ट मात्र त्यांना टोचते. "आधी आली म्हणून काय झालं? इंजिन एका बाजूला टांगलंय तिचं. कलंडून चालणारी गाडी ती." आता पंचाईत अशी, की बजाजनं सुरुवात केली ती व्हेस्पाच्याच परवान्यावर, आणि बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून आमच्याच जिल्ह्यात. गावातली निम्मी पोरं तिथं नाहीतर तिथल्या व्हेंडरकडं कामाला. त्यामुळं नानांनी कलंडण्याचा विषय काढला की ओट्यावरची दोन-तीन माणसं तरी उठून जातात.

बरं, नानांची गाडी नुसती स्कूटर नाही. ती "स्पोर्ट्स" आहे. याला पुरावा आहे, आणि तो खरा आहे. १९५१ साली रोमोलो फेरी नावाच्या गड्यानं सव्वाशे सीसीची लँब्रेटा म्युनिक-इंगोलस्टाटच्या रस्त्यावर ताशी २०१ किलोमीटरनं पळवली होती. त्याच साली इन्नोसेंटीनं अडीचशे सीसीची, दोन सिलिंडरची रेसिंग मोटरसायकलही बांधली. पुढं १९६२ मध्ये त्यांच्या टीव्ही १७५ ला पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आला, तेव्हा जगात दुसऱ्या कुठल्या स्कूटरला तो नव्हता. नाना हे सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, हे सगळं कोपऱ्यातल्या त्या गाडीनंच केलं असावं. फेरीच्या गाडीला सुपरचार्जर होता आणि वरून माशासारखं पत्र्याचं कवच होतं, हे नाना सांगत नाहीत. त्यांची गाडी चाळीसच्या पुढं गेली की उजवं झाकण टाळ वाजवायला लागतं, आणि ब्रेकसाठी चप्पल लागते. पण रक्त रेसिंगचं आहे, यावर ते ठाम.

रक्ताचाच प्रश्न निघाला तर, गाडी इटलीची की मुंबईची हा वाद गावात अजून मिटलेला नाही. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी इन्नोसेंटीच्या परवान्यावर मुंबईत लँब्रेटा बनवायची. पुढं नावाचा परवाना गेला आणि तीच गाडी लँबी म्हणून विकली जाऊ लागली. या कंपनीचा एक कारखाना संभाजीनगरातही होता. इटलीतलं उत्पादन १९७१ ला थांबलं आणि तिथली यंत्रसामग्री आपल्या सरकारनं विकत घेऊन लखनौला आणली. म्हणजे शेवटी इटलीच इकडं आली! नानांची गाडी १९६८ ची, मुंबईची. "जन्म मुंबईचा असला म्हणून काय झालं? गोत्र मिलानचं हाय," असं म्हणून नाना वाद संपवतात. मुंबईच्या सांगाड्यात लखनौचा ब्लॉक बसलाय आणि सीट चेतकचं आहे, हे त्यांनी अजून जाहीर केलेलं नाही. चेतकच्या सीटवर त्यांनी कव्हर घातलंय, ते धुवायलासुद्धा काढत नाहीत.

ही गाडी घेताना मी सोबत होतो. गंगथडीच्या एका गावात कडब्याच्या शेडात लँब्रेटा पडलीय, अशी खबर नानांना कीटकनाशकाच्या एका एजंटानं दिली होती. जाताना नानांनी मला बजावलं, "सर, तुम्ही बोलायचं नाही. आपण गोऱ्हा बघायला आलोय. गाडीकडं बघायचंसुद्धा नाही." गोऱ्ह्याचे दात बघून झाले, खूर बघून झाले, शेपटी उचलून झाली. नाना गोऱ्ह्याच्या किमतीवर घासाघीस करत होते आणि त्यांचा डावा हात मागं लँब्रेटाच्या हेडलाइटवरून फिरत होता. म्हातारा मालक बाजेवरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "गोऱ्हा नंतर बघा. आधी गाडीवरला हात काढा, मग किंमत सांगतो."

हात निघाला नाही. किंमत वाढली.

त्यात आणखी एक अडचण निघाली. गाडीचं डावं झाकण गायब होतं आणि त्या पोकळीत पाचोळा अंथरून एक गावठी कोंबडी खुडूक बसली होती. म्हातारा म्हणाला, "अंड्यावरून तिला उठवायची नाही. कालच बसलीय. एकवीस दिवसांनी या." एकवीस दिवस! एवढ्यात पुण्याचा, नाशिकचा कुणी तरी येऊन घेऊन गेला म्हणजे? इंग्लंडात या गाड्यांना मागणी आहे, आपल्याकडनं रंग मारून पूर्वी किती तरी गाड्या तिकडं गेल्या, वरून चकाचक आणि आत नुसती लांबी भरलेली, हे नानांनी कुठं तरी ऐकलेलं. त्यांचा धीर सुटला. अर्धा तास भाव होऊन सौदा ठरला तो कोंबडी आणि अंड्यांसकट. छोट्या हत्तीत मागं स्कूटर, तिच्यात कोंबडी, आणि कोंबडीला धक्का बसू नये म्हणून गाडी धरून उभे नाना, अशी वरात शिऊरमार्गे देवगावात आली. चौकात कुणी तरी विचारलं, "नाना, भंगार कुठं उतरवायचंय?" तो माणूस आजही नानांकडं बियाणं रोखीनं घेतो.

काकूंनी स्कूटरकडं एकदा बघितलं आणि कोंबडीकडं बराच वेळ. मग विचारलं, "कितीला पडली?" नानांनी घरात नऊ हजार सांगितले. दुसऱ्या दिवशी ओट्यावर पंचेचाळीस सांगितले. जुन्या गाडीच्या शौकिनाला दोन किमती सांभाळाव्या लागतात. घरातली शांततेसाठी असते आणि बाहेरची मानासाठी. खरी किंमत मला ठाऊक आहे. पण मलाही युरिया लागतो.

सकाळचा स्टार्ट हा बघण्यासारखा सोहळा. आधी सीटखालचा पेट्रोल कॉक, मग चोक. मग गाडी नानांकडं जराशी कलती करायची; व्हेस्पाच्या कलंडण्यावर टीका करणारा माणूस रोज सकाळी हे करतो. मग दोन मुक्या किका, चावी न लावता. नंतर खरी किक. गाडी खोकते. दुसरी किक. खोकतही नाही. सातव्या-आठव्या किकेला "ओव्हर झाली" असं जाहीर होतं, प्लग निघतो, नाना तो धोतराच्या सोग्याला पुसून उजेडाकडं धरतात. काळा आहे की तपकिरी, ओला आहे की कोरडा, यावर ते पेशंटची जीभ बघितल्यासारखं गंभीर होतात. करंट तपासायला प्लग हेडला टेकवून कुणी तरी धरावा लागतो. एकदा मक्याचं बियाणं घ्यायला आलेल्या गरीब माणसाला नानांनी तो धरायला लावला. त्यानं धरू नये तिथं धरला आणि किक बसताच तो ओरडून दोन पावलं मागं गेला. नानांचा चेहरा उजळला. "करंट हाय! म्हणजे दुखणं कार्बोरेटरमध्ये." त्या माणसाला त्यांनी पिशवीमागं वीस रुपये कमी लावले.

मोठ्या दुखण्याला शहरात, शहागंजच्या बाजूला, एक वस्ताद आहेत. तिथपर्यंत दौलताबादचा घाट लागतो, त्यामुळं लँब्रेटा जात नाही, दुखणाराच भाग पिशवीतून जातो. कधी क्लच प्लेटा, कधी पॉइंट-कंडेन्सर, एकदा तर काजळीनं तुंबलेला सायलेन्सर. तो वस्तादांनी जाळून साफ केला, आणि नाना तो उघडाच कडेवर घेऊन आले. हे सगळं वाहून नेते नानांची स्प्लेंडर. तिच्यावर लिहावं असं काही नाही, कारण ती चालते. तिला आठ वर्षांत पॉलिश माहीत नाही, साखळीला तेल मिळालं तर पोळ्याला. लँब्रेटाचा सुटा भाग आणायला ती मुकाट्यानं जाते आणि मुकाट्यानं येते. वस्तादांनी एकदा पिशवी उघडण्याआधीच सांगितलं, "नाना, गाडी को बीमारी कुछ नै. बीमारी तुमको है." नानांनी हे वाक्य गावात येऊन मोठ्या अभिमानानं सांगितलं.

अलीकडं त्यांना एक नवा शत्रू मिळालाय, इथेनॉल. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं, ते हवेतला ओलावा धरतं, जुन्या गाडीचं रबर फुगवतं, कॉकचा वायसर जातो, कार्बोरेटरमध्ये पाणी साठतं. यात नाना काहीच खोटं सांगत नाहीत. पण हे इथेनॉल उसाबरोबरच आता मक्यापासूनही होतं, मक्याला त्यामुळं गिऱ्हाईक वाढलं, मका पेरणारे वाढले, आणि आमच्या भागात त्यांना बियाणं विकतात नाना. तो नफा लँब्रेटात जातो, आणि लँब्रेटाचा वायसर मका खातो. मागच्या खरिपात एकाच दुपारी त्यांनी एका शेतकऱ्याला "मकाच लाव, इथेनॉलमुळं भाव टिकणार" म्हणून चार पिशव्या दिल्या, आणि तो पायरी उतरतोय तोवर माझ्याकडं वळून म्हणाले, "या इथेनॉलनं वाटोळं केलं, सर." दोन्ही वेळा मनापासून.

२०२१ च्या नियमांनी मात्र नानांना मोठा आधार दिला. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी, नव्यानं नोंदवली तर नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीचे वीस हजार, पुढच्या पुनर्नोंदणीचे पाच. आणि अट अशी, की ही गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. नानांनी ही अट झेरॉक्स करून दुकानात लावलीय. पूर्वी कुणी विचारलं, "नाना, गाडी बाहेर दिसत नाही?" तर उत्तर देताना जीभ अडखळायची. आता ते भिंतीकडं बोट दाखवतात. "आपली तयारी हाय. सरकारची परवानगी नाही." अर्ज अजून केलेला नाही. गाडीचं मूळ रूप बदललेलं नसावं, असंही त्या नियमात आहे, आणि झेरॉक्स काढताना तेवढा भाग कागदाच्या खाली गेलाय.

मध्यंतरी एक विपरीत प्रकार घडला. वस्तादांनी कॉइल बदलून दिली आणि गाडी एका किकेत सुरू व्हायला लागली. रोज. पहिल्या दिवशी नानांनी पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी ओट्यावर येणारी माणसं कमी झाली. बघायला काही उरलंच नव्हतं. चौथ्या दिवशी नाना दुकानात गप्प बसून होते, युरिया मागणाऱ्याला युरिया देत होते. काकूंनी मला विचारलं, "सर, यांचं काही दुखतंय का?" सातव्या दिवशी मी गेलो तर ओट्यावर पोतं अंथरलेलं, फ्लायव्हील काढून ठेवलेलं, आणि नाना हातभर ग्रीसमध्ये. काय झालं विचारलं तर म्हणाले, "आवाजात काही तरी हाय." चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

गेल्या दिवाळीत पुण्याहून एक गृहस्थ आले, वेरूळला जाता जाता चौकशी करत. गाडी घ्यायचीच म्हणून आलेले. आकडा त्यांनी असा सांगितला की मी चहाचा कप खाली ठेवला. आणि मग मी नानांचं एक वेगळंच रूप पाहिलं. बियाण्याच्या पिशवीवर उगवणक्षमतेबद्दल शंका काढली तर तासभर भांडणारा हा माणूस गाडीचे एकेक दोष मोजून दाखवायला लागला. ब्लॉक लखनौचा. सीट चेतकचं, आणि कव्हर वर करून दाखवलं! पायाखालचा पत्रा सडलेला, त्यावर लांबी. तिसरा गियर निसटतो. पाहुणे हसत राहिले. त्यांना सगळं चालणार होतं. नानांच्या कपाळावर घाम आला.

एवढ्यात काकू फराळाच्या ताटल्या घेऊन बाहेर आल्या, आणि पाहुण्यांनी बोलणं मार्गाला लावायचं म्हणून विचारलं, "बरं, तुम्ही केवढ्याला घेतली होती?"

ओट्यावर शेजारचे चार जण बसलेले, त्यांना पंचेचाळीस ठाऊक. दारात काकू, त्यांना नऊ. नानांनी ओट्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी चकली उचलली.

"म्हणजे," नाना म्हणाले, "कोंबडी धरून का कोंबडी सोडून?"

काकूंनी ताटल्या शांतपणे खाली ठेवल्या.

"धरूनच सांगा," त्या म्हणाल्या.