टीएमसी, क्युसेक आणि कणीस

खडकवासला हे पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवर असलेले धरण असून त्याचे मुख्य उत्पादन आकडे हे आहे. पाणी हे जोडउत्पादन. धरणाची साठवणक्षमता अवघी १.९७ टीएमसी. वरच्या अंगाला वरसगाव (१२.८२), पानशेत (१०.६५) आणि टेमघर (३.७१) ही धरणे आहेत, चौघांची बेरीज २९.१५. या बेरजेला ‘खडकवासला साखळी’ म्हणतात. कमावते तिघे आत आणि दारावरची पाटी ओट्यावर बसलेल्या आजोबांच्या नावाची, असा हा कारभार आहे. आजोबा एकोणिसाव्या शतकातले असल्याने कोणी हरकत घेत नाही.

टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, सुमारे २,८३१ कोटी लिटर. पुणेकराला लिटर कळत नाही असे नाही, दूध तो लिटरनेच घेतो. परंतु धरणाबद्दल बोलताना लिटर काढणे अडाणीपणाचे मानले जाते. टीएमसी हे शिल्लक मोजण्याचे माप, क्युसेक हे सोडण्याचे. ११,५७४ क्युसेकने चोवीस तास विसर्ग केला की एक टीएमसी पाणी खाली जाते. हा गुणाकार जुलैत कोणी करत नाही, मे महिन्यात सगळे करतात.

विसर्गाचे लोकमान्य मोजमाप म्हणजे डेक्कनजवळचा बाबा भिडे पूल. तो पाण्याखाली गेला, की पाऊस झाला असे शहर मान्य करते. आपल्या गच्चीवर किती पडला हा पुरावा धरला जात नाही. स्पेनमध्ये, कातालोनियातल्या साऊ जलाशयात, हेच काम बुडालेल्या गावातल्या चर्चचा मनोरा करतो. तिथे बुडालेले वर आले की बातमी होते, इथे वर असलेले बुडाले की.

२५ जुलै २०२४ रोजी विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या पुढे गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. इशारा वेळेवर मिळालाच नाही, ही रहिवाशांची तक्रार. इशाऱ्याआधी पाणी पोचण्याचा मान पुण्याकडे एकट्याकडे फार दिवस राहिला नाही. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला स्पेनमधल्या वॅलेन्सिया प्रांतात लोकांच्या मोबाइलवर सरकारी इशारा रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी वाजला, तेव्हा कित्येक गावांत पाणी घरांत होते.

धरणातून निघणारा मुठा उजवा कालवा शहराच्या पोटातून पुढे हवेली, दौंड, इंदापूरकडे जातो. कुणाला किती आवर्तने, हे कालवा सल्लागार समितीत ठरते. शहर म्हणते पिण्याला प्राधान्य, तालुके म्हणतात पुणेकर पाण्याने गाड्या धुतात. दोघांचेही खरे असल्याने वाद मिटत नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी हा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला. तत्कालीन जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांकडे बोट दाखवले. पुढच्या वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटले तेव्हा जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी एकट्या खेकड्यांवर ठपका ठेवला. उंदीर निर्दोष सुटले.

विशेष म्हणजे १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्यातच आहे. देशभरातल्या नद्या आणि बंदरे इथे लहान करून मांडतात आणि त्यांतून पाणी सोडून बघतात. नमुन्यातल्या नदीच्या पात्रात कोणी इमारत बांधत नाही, भराव टाकत नाही. त्यामुळे ती सांगितल्यासारखी वागते.

धरणाकाठच्या रस्त्याला चौपाटी म्हणतात. कांदाभजी आणि लिंबू-मीठ-तिखट चोळलेले भाजके कणीस ही तिथली पिके. धरण किती भरले हे इथे वर्तमानपत्राविना, नुसत्या डोळ्यांनी दिसते. पण बहुतेकांचे लक्ष आपल्या कणसाच्या पाळीकडे असते. पावसाळ्यातल्या रविवारी, दिवेलागणीला, सिंहगडावरून उतरलेल्या आणि चौपाटीवरून निघालेल्या गाड्या एकाच रस्त्याला लागतात. त्यांचा विसर्ग क्युसेकमध्ये सांगता येत नाही, कारण त्या मापाला प्रवाह लागतो. तिथे टीएमसीच वापरावे.