शंभर नंबरी काका

आमच्या कॉलनीतल्या काकांना आयुष्यात एकदाही चोर भेटला नाही, ही त्यांची मोठी खंत. तयारी मात्र कडेकोट. दाराआड तेल पाजलेली काठी, उशाखाली मिरचीचा फवारा आणि जिभेवर कलम शंभर. "स्वसंरक्षणात माणूस मेला तरी गुन्हा नाही, कलम शंभर!" हे ते दूधवाल्यालाही ऐकवतात. तो बिचारा बिलातून एक लिटर कमी करतो.

१ जुलै २०२४ ला १८६० ची दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली आणि शंभराचं अडतीस झालं. काकांच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. "अडतीस ऐकून चोर पळेल का हो?" शेवटी त्यांनी स्वतःच शोध लावला की या प्रकरणातल्या जुन्या आकड्यातून बासष्ट वजा केले की नवं कलम मिळतं. तेव्हा कुठे त्यांना जेवण गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात अंगणातल्या रायवळ आंब्यावर पोरांची नजर गेली. काकांनी कुंपणावर उघडी तांब्याची तार ओढायला घेतली. करंट थेट घरातून. शेजारच्या वकीलबाई फिरायला निघाल्या होत्या, त्या थबकल्या.

"काका, हे काय चाललंय?"

"मालमत्तेचं रक्षण. कलम..." बासष्ट वजा झाले. "पस्तीस!"

"मग सदतीसही वाचा. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. तुम्ही तर कैऱ्या धरल्यापासून तयारीला लागलाय."

"अहो, चोर तो चोर!"

"साध्या चोरीसाठी जीव घेता येत नाही. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, घराला आग, नाहीतर स्वतःच्या जिवावर बेतलेलं असावं लागतं. आणि सात वर्षांखालचं पोर काही करो, तो गुन्हाच नसतो."

मग त्यांनी बिहारचा खटला सांगितला. एका गृहस्थाने आपल्या संडासाच्या वाटेवर अशीच उघडी तार लावली. शेजारच्या बाईंच्या संडासाची भिंत पडली होती, म्हणून त्या तिथे गेल्या आणि शॉक लागून मेल्या. मालमत्तेच्या रक्षणाचा बचाव १९६३ साली थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तिथेही टिकला नाही. शिक्षा कायम.

काका डगमगले नाहीत. "जाईन तुरुंगात! टिळक गेले नव्हते?"

(आंब्यासाठी नव्हते गेले, असं मी मनात म्हटलं.)

"तुरुंगाचं सोडा. दिवाणी दाव्याचं काय? फौजदारीत संशयाचा फायदा मिळून सुटलात तरी भरपाईचा दावा उभाच राहतो. तिथे पारडं कुणाकडे झुकतं एवढंच बघतात."

"भरपाई? चोराला?" काकांचा आवाज पहिल्यांदा उतरला.

"अमेरिकेत आयोवात ब्रायनी नावाच्या नवराबायकोने ओसाड घरात, दार उघडताच सुटेल अशी बंदूक बांधली होती. चोर आला जुन्या बाटल्या-बरण्या न्यायला, गोळी पायात. चोराला दंड झाला पन्नास डॉलर. या दोघांना त्याला द्यावे लागले तीस हजार. १९७१ साली वरच्या कोर्टानेही तेच कायम केलं. ऐंशी एकर जमीन विकली त्यांनी."

काका पायरीवर बसले. फाशीला न भिणारा माणूस ऐंशी एकराला भ्याला. त्यांच्या नावावर तर सगळे मिळून दीड गुंठे. तार त्याच संध्याकाळी उतरली आणि भंगारवाल्याशी घासाघीस करून विकली गेली.

असे काका तुमच्याही आळीत असतील. अडतीस त्यांना तोंडपाठ असेल. त्यांच्याशी वाद घालू नका; फक्त एक कलम मागे जायला सांगा.